कुंकू लागलेलं मत

कॅनडाहून परत आले तेव्हापासून भेटायला येणारी प्रत्येक बाई पहिल्यांदा हेच विचारते, "नायगारा पाहिलात?" पाहिला बाई. पाणी वरून खाली पडतं, खूप पडतं, आणि अंगात रेनकोट असूनही माणूस भिजतो. यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगायचं नाही. ज्यांना हवं त्यांनी फोटो बघावेत. मी नायगारा बघायला गेलेच नव्हते. मी माझ्या भावाला बघायला गेले होते.

अरुणदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. केमिकल इंजिनिअर. तरुणपणी कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात लागला, मग सीमेपलीकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात वीसेक वर्षं राहिला, तिथलं नागरिकत्व घेतलं, आणि रिटायर झाल्यावर पुन्हा हॅमिल्टनला आला, कारण निर्मलावहिनींचा मैत्रिणींचा सगळा गोतावळा तिथला. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "बेबी, हार्टचं मशीन जुनं झालंय. दिवाळीच्या आधी ये. नंतर आलीस तरी चालेल, पण मी असेनच असं नाही." हे तो हसत म्हणाला. मी इकडे कराडात रडत रडत व्हिसाच्या मागे लागले.

हॅमिल्टन

हॅमिल्टनकरांची एक गंमत आहे. शहराच्या मधोमध एक कडा आहे, आपल्या आगाशिवच्या डोंगराला बघून ज्याला लाज वाटावी एवढाच उंच. त्याला ही मंडळी 'माउंटन' म्हणतात. "मी माउंटनवर राहते," असं वहिनी सांगायच्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बर्फाची शिखरं यायची. प्रत्यक्षात सपाट रस्ता, रांगेत विटांची घरं, घरापुढे हिरवळ. कड्याच्या टोकावर जाऊन उभं राहिलं की मात्र खाली अख्खं शहर, त्यापलीकडे कारखान्यांची धुराडी, आणि त्याही पलीकडे ओंटारियो सरोवर दिसतं. त्याला सगळे 'लेक' म्हणतात. मी तळं म्हटलं तर दादा चिडला. "तळं काय म्हणतेस? पलीकडचा काठ दिसतोय का तुला?"

घरात शिरल्या शिरल्या वहिनींनी मला तीन गोष्टी सांगितल्या. बेसमेंटच्या जिन्यावर दिवा लावल्याशिवाय उतरायचं नाही, वॉशरूममध्ये जमिनीवर पाणी सांडायचं नाही, आणि ह्यांच्यासमोर गौरीचा विषय काढायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पहिल्याच दिवशी मोडल्या. गुडघा फुटला आणि वॉशरूमचं तळं झालं, तेही काठ दिसणारं. तिसरी मात्र बरेच दिवस कसोशीनं पाळली.

गौरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तासाभराच्या अंतरावर बफेलोला राहते. बफेलो म्हणजे अमेरिका, न्यूयॉर्क राज्य. एवढ्या जवळ असून ती फक्त गणपतीला आणि दसऱ्याला येणार, आईशी बोलणार आणि वडिलांशी हवामानावर चर्चा करून जाणार. असं का, ते सांगायचं तर मला अमेरिकेची निवडणूक सांगावी लागेल. घाबरू नका, मलाही दादानं उपम्याची बशी पुढे ठेवून दोनदा समजावली तेव्हाच कळली.

तिथे अध्यक्ष निवडताना देशभरातल्या मतांची एकत्र बेरीज होत नाही. प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा, आणि राज्य जो जिंकेल त्याच्या पदरात बहुतेक ठिकाणी ते अख्खंच्या अख्खं पडतं. न्यूयॉर्कसारख्या राज्याचा निकाल आधीच सगळ्यांना ठाऊक असतो. मिशिगन मात्र दर वेळी काठावर. आणि परदेशात राहणारा नागरिक अमेरिकेतल्या आपल्या शेवटच्या पत्त्यावरून टपालानं मत देतो. म्हणजे दादा राहतो कॅनडात, त्याचं मत पडतं मिशिगनमध्ये. दोन बलाढ्य पक्ष आणि बाजूला एकदोन चिमुकले. त्यातला एक चिमुकला पक्ष नद्या, तळी, हवा, झाडं यांच्याबद्दल बोलणारा. कधीही न जिंकणारा. दादा वर्षानुवर्षं त्यालाच मत देत आला.

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या घरात ती परंपराच आहे. वडिलांनी ज्याला मत दिलं त्याचं डिपॉझिट जप्त झालं नाही असं कधी घडलंच नाही. ते शाई लावलेलं बोट मिरवत घरी आले की आई विचारायची, "या वेळी कुणाला पाडून आलात?"

पण कराडात वडिलांच्या मतानं कुणाचं काही बिघडलं नाही. मिशिगनमध्ये एका निवडणुकीत अगदी थोडक्या मतांनी राज्य फिरलं, चिमुकल्याला पडलेल्या मतांहूनही थोडक्या, आणि गौरीचा मोठा पक्ष हरला. गौरी तेव्हा बफेलोत सरकारी कचेरीत सरोवराचं पाणी तपासायचं काम करायची. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तळी बघितलेली पोर, त्याच वेडानं त्या कामात शिरली होती. नवं सरकार आलं, खर्चाला कात्री लागली, तिची प्रयोगशाळा बंद झाली. तिनं फोन केला आणि एवढंच म्हणाली, "बाबा, यू डिड धिस. तुझ्यासारख्या लोकांनी." आणि ठेवून दिला. आता ती शाळेत विज्ञान शिकवते. वाईट नाही, पण तिचं ते नव्हे.

आता पुन्हा निवडणूक आली होती, आणि दादाची मतपत्रिका टपालानं येऊन फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकत होती. वहिनी फ्रिज उघडताना तिच्याकडे असं बघायच्या की वाटावं सवतच येऊन बसलीय.

धक्क्यावर

एके दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून दादा मला बंदराकडे घेऊन गेला. गाडी वहिनींनी चालवली, कारण त्याला डॉक्टरांनी मनाई केली होती. वाटेत त्या दोघांचं बर्फात न घसरणारे विंटर टायर्स कधी लावायचे यावरून वाजलं. वहिनी म्हणत होत्या आत्ताच अपॉइंटमेंट घेऊ या. दादा म्हणाला, "एवढ्यात कशाला? मला काय पुढचा बर्फ शोव्हलनं उपसायचाय?" त्यावर वहिनींनी गाडीचा रेडिओ मोठा केला.

धक्क्यावरच्या बाकावर बसून आम्ही थर्मासमधला चहा घेतला. समोर बदकं, मागे धुराडी. झाडं अशी लाल-पिवळी झालेली की हे मरण आहे हे कळूच नये. पाणी स्वच्छ दिसत होतं. मी तसं म्हणाले तर दादा म्हणाला, "वरून. खालच्या गाळात काय आहे ते मला विचार."

मग त्यानं मला ते सांगितलं, जे कधी सांगितलं नव्हतं. मिशिगनच्या त्याच्या कारखान्याचं पाणी रीतसर शुद्ध न होताच नदीत जायचं. यानं वरच्यांना सांगितलं, पुन्हा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. "निवडणूक आली की दोन्ही मोठ्या पक्षांचे लोक यायचे. डोक्यावर हेल्मेट, हातात झेंडा, फोटो. नदी खिडकीतून दिसायची, बेबी. एकानंही मान वळवून बघितलं नाही. त्या दिवशी ठरवलं, जो नदीचं नाव घेईल त्यालाच मत. हरला तर हरला."

"आणि गौरीचं?"

वहिनींनी मला कोपरानं ढोसलं. तिसरी गोष्टही मोडली होती.

दादानं चहा संपवून थर्मासचं झाकण बाकावर ठेवलं. मग म्हणाला, "पाण्यासाठीच मत दिलं, आणि पाणी बघणारी माझीच मुलगी घरी बसली. तू सांग, मी चुकलो का?"

मी जन्मभर भूगोल शिकवला, पण याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. मी ते झाकण थर्मासला लावलं. उठताना तो म्हणाला, "एक लक्षात ठेवा दोघी. माझी राख पाण्यात टाकायची नाही. या लेकमध्ये नाही, नायगाऱ्यात नाही, आणि बेबी, तुझ्या कराडच्या प्रीतिसंगमावरसुद्धा नाही. मी कुठल्याच पाण्यात काही सोडणार नाही." वहिनी म्हणाल्या, "अहो, काय अभद्र बोलता!" आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यांचा पदर डोळ्यांना होता.

दसरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गौरी आली. चाळिशीची झाली, पण कपाळ थेट आमच्या आईचं. "आत्या!" म्हणून तिनं मिठी मारली आणि नंतर वडिलांकडे वळून म्हणाली, "हाय बाबा. कोल्ड आहे ना आज?" दादा म्हणाला, "हो, विंड आहे." झाली चर्चा.

जेवताना मात्र तिनं एकदम चमचा खाली ठेवला. "बाबा, कॅन आय से समथिंग? तू फक्त ऐक."

तिचं म्हणणं असं होतं. न्यूयॉर्कचा निकाल ठरलेलाच आहे, तिथे तिच्या मतानं काही हलत नाही. मिशिगनमध्ये हलतं. तर बाबांनी मिशिगनमधून तिच्या मोठ्या पक्षाला मत द्यावं, आणि ती न्यूयॉर्कमधून बाबांच्या चिमुकल्या पक्षाला देईल. त्यांच्या पक्षाचं मत एकानंही कमी होणार नाही. "लोक करतात असं. इट्स फेअर."

दादा लालबुंद. "मत म्हणजे काय साटंलोटं आहे? तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे?"

"बाबा, मी भांडायला नाही आले. आय ॲम टायर्ड." तिनं ताट बाजूला सारलं. "मला तुझ्याशी वेदर सोडून दुसरं बोलायचंय. आणि तुझ्याकडे... डॉक्टर काय म्हणाले ते आईनं सांगितलंय मला."

 खीर तशीच राहिली. दादा उठून खोलीत गेला. मला वाटलं, संपलं.

सकाळी वहिनी पूजेच्या तयारीत. तिकडे आपटा कुठला मिळणार? कितीतरी वर्षांमागे त्यांनी शोध लावला की रेडबड नावाच्या झाडाची पानं पत्त्यातल्या बदामासारखी, आणि नेमकी दसऱ्याच्या सुमाराला पिवळीधमक होतात. तेव्हापासून मागच्या अंगणात ते झाड आहे आणि हॅमिल्टनची निम्मी मराठी घरं त्यांच्याकडून सोनं नेतात. तर पाटावर दादाची जुनी शस्त्रं मांडली होती: आकडेमोडीचा स्लाइड रूल, पाण्याचा आम्लपणा मोजायचं यंत्र, काचेच्या दोन बाटल्या. आंघोळ करून दादा आला, फ्रिजवरून मतपत्रिका काढली, डायनिंग टेबलावर बसला. गौरी कॉफी घेऊन उभी. त्यानं तिला जवळ बोलावलं, तिच्यादेखत पेन उचललं आणि तिच्या पक्षापुढचं वर्तुळ हळूहळू काळं केलं. दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं होतं.

"घे. दिलं तुला," म्हणाला. "आता तू माझं विसरू नकोस."

गौरीनं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली, कितीतरी वेळ. मी कांदा चिरायला लागले. कांदा नको होता त्या दिवशी, तरी चिरला.

मग दादाला जोर आला. ज्या माणसानं आयुष्यभर पूजेची टिंगल केली, त्यानं ती मतपत्रिका नेऊन पाटावर ठेवली. "आज शस्त्रपूजा ना? मग हे सगळ्यात मोठं शस्त्र." आणि वहिनींनी, चष्मा स्वयंपाकघरात विसरलेला, सवयीच्या हातानं स्लाइड रूलला हळद-कुंकू, यंत्राला हळद-कुंकू, बाटल्यांना हळद-कुंकू, आणि मतपत्रिकेलाही हळद-कुंकू, वर पाणी निथळणारी शेवंती. आरती होईपर्यंत कुंकू ओघळून सगळ्या वर्तुळांवरून खाली आलं होतं. सगळे पक्ष सौभाग्यवती झाले होते.

आधी गौरी हसायला लागली. तिच्यामागे दादा. खुर्चीत बसून पोट धरून हसला. वहिनी रडकुंडीला येऊन "मला मेलीला काय माहीत" म्हणत होत्या, त्यानं तर अजूनच हसू आलं. मिशिगनच्या त्या गावच्या कचेरीत दादानं फोन लावला. "नो मॅम, नॉट ब्लड. रेड पावडर. होली पावडर." पलीकडची बाई सज्जन होती. दुसरी मतपत्रिका पाठवते म्हणाली, ईमेलनं हवी का? दादा म्हणाला, नको, पोस्टानं पाठवा. गौरी म्हणाली, "बाबा, ईमेल इज फास्टर." पण ऐकेल तर तो दादा कसला! "प्रिंटरवर काढलेलं मत मला नको. कागद तिथून आला पाहिजे."

त्या दिवशी बापलेक अंगणात रेडबडखाली संध्याकाळपर्यंत बोलत बसले. खिडकीतून मला त्यांचे फक्त हात दिसत होते, दोघांचेही सारखेच हवेत फिरणारे. पाण्याबद्दल बोलत असणार. मी परदेशात पाहिलेल्या दृश्यांत एवढंच मनात ठेवून आलेय, नायगारा गेला खड्ड्यात.

हॉस्पिटल

दिवाळीच्या आधी दादाच्या छातीत पाणी भरलं. पाणीच. त्यालाही त्यातली गंमत कळली असती, पण तोपर्यंत बोलणं बंद झालं होतं. हॉस्पिटलची व्यवस्था उत्तम, नर्सबाई प्रेमळ, खिडकीतून धुराडी दिसायची. मी चकल्यांचा डबा घेऊन गेले होते, तो तसाच परत आला.

दुसरी मतपत्रिका आली ती या गडबडीत. वहिनींनी ती पर्समध्ये घालून आणली. दादाला शुद्ध नव्हती, निवडणूक तोंडावर आली होती. कुरिअरनं आजच पाठवली तर पोचली असती. वहिनी हळूच म्हणाल्या, "गौरी, भर. सही मी करते, मला ह्यांची सही येते. त्यांनी शब्द दिलाय तुला. माझ्या कुंकवानं घोळ झाला, तो मीच निस्तरते."

मी गौरीकडे बघत होते. या एका कागदासाठी ती इतकी वर्षं वडिलांशी अबोला धरून होती. तो कागद आता तिच्या हातात होता, कोरा. आणि खरं सांगते, मला वाटत होतं की तिनं तो भरावा. दादानं आमच्यासमोर दिलेलं मतच होतं ते.

गौरीनं कागद घडी घालून आईच्या पर्समध्ये परत ठेवला. "नो, आई."

"अगं, पण ते देणारच होते..."

"हो. पण उद्या उठून ते म्हणाले असते, नाही देत, तर? ही कुड हॅव चेंज्ड हिज माइंड. ते मत बाबांचं आहे, आई. माझं नाही, तुझंपण नाही." आणि मग बापाच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसली. ते सारखंच होतं.

मतदानाच्या दिवशी ती सकाळी गाडी घेऊन बफेलोला गेली आणि दुपारी परत आली. मला वाटलं, आता व्यवहार मोडलाच आहे, एका बाजूनं शब्द पाळला गेला नाही, तर ही आपल्या पक्षाला मत देऊन आली असेल. कुणी दोष दिला नसता. ती खुर्ची ओढून दादाच्या कानाशी वाकली. "बाबा, तुझ्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव आमच्याकडे छापलेलंच नव्हतं. तिथे रिकामी ओळ असते, त्यात मी हातानं लिहिलं. स्पेलिंग दोनदा चेक केलं." दादाचे डोळे मिटलेलेच होते. बोट हललं असं वहिनी म्हणतात. मला दिसलं नाही. दिसलं असं लिहायला मला फार आवडलं असतं.

निकाल लागला. मिशिगन गेलं, गौरीचा पक्ष हरला. एका मतानं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी दादा गेला.

परत

त्याच्या सांगण्याप्रमाणे कुठल्याच पाण्यात काही टाकलं नाही. अंगणात रेडबडच्या बुंध्याशी गौरीनं राखेसाठी खड्डा खणला. झाडावर एकही पान नव्हतं. मराठी मंडळी जमली, कुणी पिठलं-भात आणला, कुणी म्हणालं, पुढच्या दसऱ्याला सोनं इथूनच नेऊ. वहिनींनी मान हलवली. त्यांच्या कपाळाकडे बघवत नव्हतं. गाडीला विंटर टायर्स गौरीनं लावून आणले.

विमानतळावर सोडायला तीच आली. बंदरावरचा उंच पूल ओलांडताना खाली ते पाणी दिसलं, करडं, शांत. मला राहवलं नाही. म्हटलं, "गौरी, तो कागद तू भरला असतास, किंवा निदान आपलं मत आपल्या पक्षाला दिलं असतंस. वाईट नाही वाटत?"

पूल संपल्यावर तिनं गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली. मग म्हणाली, आणि सबंध मराठीत म्हणाली, जशी लहानपणी बापाशी बोलायची, "आत्या, बाबांचं मत माझ्या हातानं पोचलं. माझंच राहिलं."